हुसेन यांच्या 'ज़मीन'मध्ये सोलापुरी चादर आहे का? मागावर, पोस्टरवर आणि बोरूवर घासून बघू

धोटा
या मंचावरच्या चर्चेच्या दुसऱ्या एका धाग्यात कुणीतरी लिहून गेलं: "मकबूल फिदा हुसेन पंढरपूरचे, म्हणजे आपल्याच जिल्ह्याचे. 'ज़मीन'मधल्या रंगीत चौकटी म्हणजे दुसरं काही नाही, सोलापुरी चादर." वाक्य झकास आहे, अंगठेही भरपूर मिळाले. पण तपासलं कुणीच नाही. म्हणून हा वेगळा धागा.

'ज़मीन' हे चित्रकार हुसेन यांचं 1955 चं चित्र. कॅनव्हासवर तैलरंग, उंची सुमारे 3 फूट आणि लांबी तब्बल 18 फूट. ललित कला अकादमीच्या पहिल्या राष्ट्रीय प्रदर्शनात पुरस्कार मिळाला, आता दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहे. लांबलचक पट्टा, त्यात एकाशेजारी एक रंगाचे तुकडे आणि तुकड्यांत माणसं, जनावरं, चिन्हं. मोबाइलवर बोटभर आकारात बघितलं तर चादर आठवणारच.

माझं म्हणणं इतकंच की सारखं दिसलं म्हणून नातं जुळत नाही. ती वस्तू चित्रकाराच्या समोर होती का? त्या कामात त्याचा हात बसलेला होता का? आणि त्या कामाची अशी एखादी खूण असते का, जी दुसऱ्या कामातून येऊच शकत नाही? शेवटचा प्रश्न कलासमीक्षक सहसा विचारत नाहीत, कारण त्यासाठी ते काम माहीत असावं लागतं. इथे माग, बोर्ड, लाकूड सगळं जाणणारी मंडळी आहेत. या.

जुनी गिरणी
समोर होती का, याचं उत्तर देऊन टाकतो. जन्म 1915, पंढरपूर. दीड वर्षाचे असताना आई गेली. वडिलांनी पुढे दुसरं लग्न केलं आणि बिऱ्हाड इंदूरला हललं. म्हणजे या जिल्ह्यातली 'आठवण' म्हणून जे काही असेल ते ऐकीव. सोलापुरात पहिली गिरणी 1877 साली उभी राहिली, त्यामुळे त्यांच्या जन्मावेळी इथे कापडधंदा जोरात होता हे खरं. पण दीड वर्षाचं मूल पंढरपुरात अंगावर काय पांघरत होतं, यावर चित्राचा अर्थ टांगू नये.

पूर्वभाग
असं कसं की ओ! माणूस गाव सोडतो, गाव माणसाला सोडत नाही. त्यांच्या चित्रांतल्या बायकांच्या अंगावरचं लुगडं बघा. ते इंदूरचं आहे का?

पीकग्लास
पूर्वभाग, लुगड्याकडे नंतर येऊ. आधी चादर मागावर चढवू.

जकार्डवर, म्हणजे मागावरच्या नक्षी विणायच्या यंत्रावर, नक्षी आधी ग्राफवर काढतात. ग्राफचा एक चौकोन म्हणजे एक ताणा (उभा धागा) आणि एक बाणा (आडवा धागा). त्या चौकोनावरून पुठ्ठ्याला भोक पाडायचं की नाही ते ठरतं: भोक असेल तर हूक उचलला जातो, नसेल तर नाही. अर्धा चौकोन नावाची गोष्ट मागाला माहीत नाही. त्यामुळे तिरपी रेघ आणि गोल दोन्ही पायऱ्यापायऱ्यांनीच उतरतात. लांबून मोराची मान गुळगुळीत वाटते, भिंग लावलं की जिना.

दुसरी खूण प्रमाणाची. समजा इंचाला 40 ताणे आणि 30 बाणे आहेत. साध्या चौकोनी कागदावर 40 बाय 40 घरांत गोल काढला आणि तसाच पंच केला, तर कापडावर रुंदी 1 इंच आणि उंची जवळपास 1.33 इंच येते. गोलाचं अंडं. म्हणून ग्राफ 4:3 प्रमाणाचा घ्यावा लागतो. नवखा डिझायनर इथे हमखास फसतो आणि कोयऱ्या काकड्या होऊन बाहेर पडतात.

तिसरी खूण पुनरावृत्ती. 240 हुकांचं जकार्ड, इंचाला 40 ताणे, साधी जोडणी: 6 इंच झाले की नक्षी पुन्हा तीच. कापडाला हे टाळता येत नाही, फक्त लपवता येतं. शिवाय आपली चादर दुहेरी विणीची, वरचा रंग खाली आणि खालचा वर. म्हणून नक्षी आणि जमीन (कापडातली जमीन, म्हणजे नक्षीमागचा भाग हां, हुसेनची नाही) दोघांचं वजन सारखं ठेवावं लागतं. पोटात मोठी मोकळी जागा सोडली तर दोन्ही थर सुटे पडतात, खिसा होतो आणि धुतल्यावर फुगतो.

आता 'ज़मीन' बघा. जिना नाही, पुनरावृत्ती नाही, मोकळ्या जागा पाहिजे तेवढ्या. कडा ब्रशने ओढलेल्या. मागावरच्या विचाराची एकही खूण नाही. चादर बाद.

धोटा
याला म्हणतात तपासणी. मग त्या चौकटी आल्या कुठून?

बोर्डरंगारी
रस्त्यावरून आल्या. 1930 च्या दशकात हुसेन मुंबईत सिनेमाचे बोर्ड रंगवत होते. मजुरी चौरस फुटाला चार-सहा आणे, असं त्यांनीच सांगितलेलं आहे. कलेच्या इतिहासात हे 'संघर्षाचे दिवस' म्हणून एका ओळीत आटपतात. खरं तर ते त्यांचं शिक्षण आहे, कारण हात तिथे बसला.

काम कसं चालायचं ते सांगतो. मांजरपाटासारखं कापड लाकडी चौकटीवर ताणायचं. सरस आणि खडूपावडरचा हात मारायचा. सरस जास्त झाला की कापड गुंडाळताना तडकतं, कमी झाला की तेल कापडात शिरतं आणि रंग मेल्यासारखा दिसतो. मग फोटोवर 1 इंचाच्या चौकटी आखायच्या आणि कापडावर 1 फुटाच्या, गेरूत बुडवलेल्या दोरीने सूत मारून. 6 बाय 10 इंचांचा फोटो 6 बाय 10 फुटांवर जातो, बारापट. फोटोवर पाव सूत नाही, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग चुकला, तर बोर्डावर दीड इंच. नटीचा डोळा दीड इंच खाली गेला तर काय होतं ते सांगायला नको.

मोठा बोर्ड एका कापडावर होतच नाही. तुकड्यातुकड्यांत रंगवून वर चढवताना जोडायचा. रंगाऱ्याच्या समोर एका वेळी एकच तुकडा असतो, पूर्ण चित्र त्याच्या डोक्यात. आणि मजुरी फुटावर असेल तर बारीकसारीक कामाचे जादा पैसे नाहीत. म्हणून रुंद ब्रश, सपाट रंग, आणि आकृती चाळीस फुटांवरून सुटी दिसावी म्हणून भोवती गडद कड. सावलीला निळा किंवा हिरवा ठोकायचा, कारण लांबून तो सावलीच वाटतो आणि सफेदा-काळा मिसळून राखाडी करण्यात जाणारा वेळ वाचतो.

18 फूट लांब कॅनव्हासला भिडायची छाती ज्या हाताने आधीच चाळीस फुटांचे बोर्ड मारलेत त्याच्यातच असते. 'ज़मीन'चे तुकडे म्हणजे बोर्डाचे जोड आहेत, चादरीच्या चौकटी नव्हेत.

वाचनमात्र
बोर्डरंगारी __/\__ पाव सूत आणि एक सूत हा फरक ज्यांना कळला त्यांनी हात वर करा.

सागवान
बोर्डरंगारींच्या म्हणण्यात एक फट आहे. बोर्डावरचा चेहरा फोटोसारखा हवा असतो. हुसेनची माणसं फोटोसारखी मुळीच नाहीत, ती कापून काढल्यासारखी आहेत. मधली कडी लोक विसरतात: 1941 च्या सुमारास ते मुंबईत फर्निचरच्या दुकानात लहान मुलांची खेळणी आणि पाळणाघराचं फर्निचर डिझाइन करत होते. 1947 च्या बॉम्बे आर्ट सोसायटी प्रदर्शनापर्यंतची मधली वर्षं त्यात गेली.

लाकडी फळीतून खेळणं कापताना करवतीचं पातं काय सांगतं? एक, बाह्यरेषा बंद हवी. दोन, पातळ भाग बाहेर काढू नका. हरणाची शिंगं किंवा घोड्याचा पाय लाकडाच्या रेषांच्या दिशेत आला तर टिकतो, आडवा आला की मुलाच्या हातात पहिल्याच दिवशी तुटतो. तीन, आतल्या कोपऱ्यात पातं वळत नाही. तिथे भोक पाडून पातं आत घालावं लागतं, नाहीतर कोपरा गोल करून सोडून द्यायचा. चार, हात-पाय हलते हवे असतील तर ते वेगळे कापून खिळ्यावर बसवायचे. त्यामुळे खांदा आणि मांडी नेहमी सांध्यासारखी दिसतात, एकातून दुसरं उगवल्यासारखी नाही.

आता 1950 च्या दशकातल्या हुसेनच्या चित्रांतल्या बायका आणि बैल बघा. खांद्याशी रेघ थांबते आणि हात नव्याने सुरू होतो. ही कळसूत्री हालचाल बोर्डावरून येत नाही.

बोर्डरंगारी
मान्य. तुकडे माझे, माणसं तुमची.

कोरा_कॅनव्हास
इतक्यात वाटणी नको. 1948 साली दिल्लीच्या राष्ट्रपती भवनात (तेव्हाचं गव्हर्नमेंट हाउस) भारतीय कलेचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. हुसेन आणि चित्रकार सूझा दोघं ते बघायला गेले. तिथे मथुरेची शिल्पं आणि बसोहलीची (जम्मूकडच्या डोंगरी शैलीची) लघुचित्रं समोरासमोर बघितली. गुप्तकालीन शिल्पाचा घाट, बसोहलीचा रंग आणि लोककलेचा भोळेपणा आपण जाणूनबुजून उचलला, असं त्यांनी पुढे सांगितलेलं आहे. बसोहलीत मागे सपाट पिवळा नाहीतर तांबडा, क्षितिज पार वर ढकललेलं, आकृती एका बाजूने. म्हणजे सपाट रंगाला आता तीन दावेदार झाले: बोर्ड, खेळणी, बसोहली.

हे सोडवायची पद्धत साधी आहे. एका तक्त्यात चित्रं सालाने लावा, शेजारच्या रकान्यांत त्या सालापर्यंत हाताने काय केलं आणि डोळ्याने काय बघितलं ते लिहा. जी खूण 1948 च्या आधीच्या चित्रांतही सापडते ती बसोहलीची असू शकत नाही. जी नंतरच उगवते ती फक्त बोर्डाची असू शकत नाही, कारण बोर्ड आधीच सुटलेले होते. यात लोक चुकतात ते इथे: पुस्तकात छापलेलं साल प्रदर्शनाचं असतं आणि ते रंगवल्याचं समजून बसतात. दोन रकाने वेगळे ठेवा.

घोड्यांनाही हाच तक्ता लावा. मोहरमच्या मिरवणुकीतला दुलदुल (करबलाच्या इमाम हुसेन यांचा घोडा) लहानपणचा, 1952 चा चीन दौरा आणि तिथले चित्रकार शू बेईहोंग यांचे घोडे नंतरचे. 'घोडे चीनवरून आले' आणि 'घोडे करबलावरून आले' अशी भांडणं चालतात, पण दोन्हींचं साल वेगळं आहे. तक्ता भरला की भांडण बरंचसं मिटतं.

पूर्वभाग
सिनेमा विसरलात सगळे. 'ज़मीन'ची कल्पना बिमल रॉय यांच्या 1953 च्या 'दो बीघा ज़मीन'वरून सुचली हे तर सगळीकडे लिहिलेलं आहे. आणि 18 फूट लांब, 3 फूट उंच म्हणजे 6:1. सिनेमाची फिल्मच की.

धोटा
पहिला भाग बरोबर, दुसरा नाही. फिल्मच्या पट्टीत फ्रेम एकाच मापाच्या असतात आणि एकात तेच पात्र पुढच्यात थोडं हललेलं असतं. 'ज़मीन'मध्ये ना माप एक, ना पात्र तेच. शिवाय सिनेमा शेतकऱ्याच्या हालाचा आहे आणि चित्र खेड्यातल्या जगण्याचा उत्सव करतं. म्हणजे सिनेमावरून सुचलं असलं तरी चित्र सिनेमाला उत्तर देतं. हुसेनची सिनेमाची नजर शोधायची तर 1967 ची फिल्म्स डिव्हिजनसाठी केलेली लघुफिल्म बघा. राजस्थानात चित्रित, संवाद नाहीत, छत्री-कंदील-जोडा असल्या वस्तू एकामागून एक. बर्लिनला लघुफिल्मचं गोल्डन बेअर मिळालं. तिथे मांडणी वेळेत आहे, 'ज़मीन'मध्ये ती भिंतीवर आहे.

बोरू
रेघेबद्दल कुणीच बोललं नाही. बडोद्याच्या मदरशात त्यांनी खत, म्हणजे अरबी सुलेखन शिकलं होतं, त्यात कूफी, म्हणजे कोनदार अक्षरांचं वळण. म्हणून 'रेघ सुलेखनातून आली' हे वाक्य प्रत्येक कॅटलॉगात असतं. ते तपासता येतं.

बोरूचं टोक तिरपं कापलेलं असतं. हात न फिरवता धरला तर रेघेची जाडी फक्त दिशेवर ठरते: एका तिरप्या दिशेत सगळ्यात जाड, तिच्या काटकोनात सगळ्यात बारीक. पानभर हाच नियम. गोल ब्रशच्या रेघेची जाडी दाबावर ठरते, दिशेशी तिचं देणंघेणं नाही. तर चित्राच्या चांगल्या फोटोवर तीस-चाळीस ठिकाणी रेघेची दिशा आणि जाडी मोजा. एकाच दिशेच्या रेघा सगळीकडे सारख्या जाडीच्या निघाल्या तर बोरूची सवय. त्याच दिशेत कुठे 3 मिलिमीटर, कुठे 12, तर ब्रशचा दाब.

दोन ठिकाणी फसाल. आकृतीची कड काही वेळा रेघ नसतेच. शेजारचा रंग कडेपर्यंत आणून मध्ये खालचा गडद थर उघडा सोडलेला असतो. ती जाडी मोजून उपयोग नाही. आणि फोटो तिरका काढलेला असेल तर सगळ्या दिशा वाकतात. चौकटीचे चारही कोपरे काटकोनात आहेत का ते आधी बघा.

'बिटविन द स्पायडर अँड द लॅम्प' (1956) मध्ये वरच्या बाजूला न वाचता येणारी अक्षरं आहेत. मोजायला सुरुवात तिथून करा, पाच बायकांच्या बाह्यरेषा नंतर. अक्षरांत एक नियम आणि आकृतीत दुसरा निघाला तर तेच मोठं उत्तर आहे.

जुनी गिरणी
इतकं सगळं फोटोवरूनच करायचं का? सोलापुरात बसून मूळ चित्र कुठे मिळणार?

कोरा_कॅनव्हास
फोटोवरून काय करायचं नाही ते आधी. रंगाच्या छटेवर एक शब्द लिहू नका, दोन पुस्तकांत एकच लाल दोन प्रकारे छापलेला असतो. पोतावर लिहू नका, समोरून पडलेल्या उजेडात तो मरतो. मापांवर, कडांवर, मांडणीवर लिहा.

शहरात बऱ्याच घरांत, कार्यालयांत 'हुसेन' टांगलेले असतात. बहुतेक छापील. 10 पट भिंग लावा. चार रंगांच्या ठिपक्यांची फुलं दिसली तर ऑफसेट, म्हणजे पोस्टर. ठिपके नाहीत, रंग सपाट, एका रंगाची कड दुसऱ्यावर किंचित चढलेली किंवा मध्ये पांढरी फट, आणि खाली पेन्सिलने 45/100 सारखा आकडा (शंभरातली 45 वी प्रत) असेल तर सेरिग्राफ, म्हणजे जाळीतून रंग उतरवून केलेली छपाई. सेरिग्राफवरून ब्रशच्या दाबाचं अनुमान काढू नका, तो जाळीतून उतरलेला असतो.

आणि आकार! 'ज़मीन' फ्लेक्सवर पूर्ण मापात छापून लावू, असं कुणाच्या मनात असेल तर थांबा. हुसेन 2011 मध्ये गेले. आपल्याकडे चित्राचा स्वामित्वहक्क मृत्यूनंतर 60 वर्षं, म्हणजे 2071 च्या अखेरीपर्यंत. परवानगी लागेल. त्याऐवजी भिंतीवर खडूने 3 बाय 18 फूट आखा, आतल्या जोडांच्या रेघा प्रमाणात काढा आणि 3 फुटांवर, 15 फुटांवर, 40 फुटांवर उभं राहून बघा. 3 फुटांवर दोन्ही टोकं एकदम नीट दिसतच नाहीत, चालावं लागतं. मोबाइलवरची 'चादर' तिथेच विरघळते.

वाचनमात्र
1954 चं 'ग्राम यात्रा'पण याच जातीचं ना? जवळपास 14 फूट, 13 दृश्यं. नॉर्वेचे डॉक्टर विकत घेऊन गेले, पुढे ते ऑस्लोच्या रुग्णालयाकडे होतं आणि मार्च 2025 मध्ये न्यूयॉर्कला 1 कोटी 37 लाख 50 हजार डॉलरना गेलं.

धोटा
हो, आणि 'ज़मीन'च्या आदल्याच वर्षीचं. लांब पट्टा आणि तुकडे तिथे आधीच आहेत. किमतीवर धागा वाहून नेऊ नका मात्र.

सिद्धेश्वरपेठ
आणि वादावर? देवतांच्या चित्रांवर बोलायचं नाही का?

धोटा
बोलायचं, पण तेही सालाने. 1970 च्या दशकातल्या रेखाचित्रांवर 1996 मध्ये वाद पेटला. चित्र तेच, रेघ तीच. मधल्या वीसेक वर्षांत जे बदललं ते कागदाबाहेरचं आहे आणि त्याला राजकारणाचा, छापील माध्यमांचा इतिहास लागतो. 2008 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अश्लीलतेचे खटले रद्द केले, 2010 मध्ये हुसेन यांनी कतारचं नागरिकत्व घेतलं. तो स्वतंत्र धागा काढा, इथे शिव्या सुरू झाल्या तर उडवणार.

पूर्वभाग
बरं, चादर सोडली. माझ्या लुगड्याचं काय? चेहरा नसलेल्या बाईचं नातं हुसेन स्वतः आपल्या आईशी जोडत, चेहराच आठवत नाही म्हणून. मदर तेरेसांच्या चित्रांतसुद्धा चेहऱ्याच्या जागी नुसती पोकळी आणि भोवती काठ. आपल्याकडे इरकल नेसलेली बाई पाठमोरी बघा, तेच दिसतं.

पीकग्लास
यात दम आहे, फक्त 'इरकल' हा शब्द जपून वापरा. इरकलचा पदर वेगळा विणून अंगाच्या ताण्याला फास घालून जोडतात, त्याला टोप-तेनी म्हणतात. तो जोड कापडात कळतो, चित्रात दाखवता येणार नाही. चित्रात उरतं ते नेसण. पाचवारीत निऱ्या पुढे पडतात आणि दोन्ही पाय एका घंटेत झाकले जातात. नऊवारीत काष्टा मागे खोचला की पाय वेगवेगळे होतात, मागून कमरेपासून पोटरीपर्यंत एक जाड रेघ जाते, आणि बाई पाय फाकवून बसू शकते, वाकू शकते. म्हणजे आकृती कापून काढायला सोपी, सागवानांच्या करवतीला चालणारी.

तर मोजा: 1950 च्या दशकातल्या किती आकृतींत दोन पाय सुटे आहेत आणि मध्ये काष्ट्याची रेघ आहे, किती घागऱ्यात आहेत, किती नुसत्याच गुंडाळलेल्या. घागरा म्हणजे माळवा-राजस्थान, त्यांनी डोळ्याने बघितलेला. काष्टा मुंबईतही रोज दिसत होता, कोळणी आणि गिरणीतल्या बायकांच्या अंगावर. म्हणून काष्टा सापडला तरी थेट पंढरपूर गाठू नका.

पूर्वभाग
म्हणजे मुंबईने आमचं लुगडंही नेलं.

पीकग्लास
मोजल्याशिवाय तेही म्हणू नका. आकृत्या मी मोजायला घेतो, तुम्ही सालांचा तक्ता आखा. रंगवल्याचं साल आणि प्रदर्शनाचं साल वेगवेगळ्या रकान्यांत, एवढं फक्त विसरू नका.